स्टेपनी, पाना आणि आप्पांची वही: नंदुरबारकडच्या घरच्या गाड्यांचा इतिहास

(ऐकलेल्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्याची भाषा मुद्दामच फारशी बदललेली नाही.)



सुरुवातीला तुम्ही जो 'फच्, फच्, फच्' असा आवाज ऐकलात ना, तो सायकलच्या पंपाचा नाही. जुन्या डिझेल गाडीत फिल्टरजवळ एक छोटा हातपंप असतो, त्याचा आहे. मी हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा नऊ वर्षांचा होतो. २००५ चा पावसाळा, रात्रीचे साडेदहा, आणि जागा चांदसैली घाट.

ज्यांना नंदुरबार जिल्हा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली तापीचं सपाट खोरं, वर सातपुडा, त्याच्याही पलीकडे नर्मदा. तळोद्याहून धडगावला जायचं तर मध्ये हा घाट लागतो. पावसाळ्यात दरडी पडतात, धुकं इतकं की बॉनेटसुद्धा दिसत नाही. आमचं गाव तळोदे तालुक्यातलं. आत्या वर धडगावकडे दिलेली. तिच्याकडे गेलेल्या आजीला अचानक दम लागला म्हणून आम्ही तिला घेऊन रात्रीच खाली निघालो होतो. आणि घाटात जीप बंद पडली. दोन आचके दिले आणि गप्प.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या हातात बॅटरी दिली. "माझ्या तोंडावर नको मारू, फिल्टरवर मार." त्यांनी फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडला. आधी पाणी आलं, मग डिझेल. वर धडगावच्या वाटेवर कॅनमधून सुटं डिझेल भरलं होतं, त्यात पाणी होतं. मग वरचा स्क्रू ढिला करून ते हातपंप मारायला लागले. फच्, फच्. फेस आला. अजून फेस. मग एकदम स्वच्छ धार. स्क्रू आवळला, सेल्फ मारला, आणि गाडी धडधडत सुरू झाली. मागच्या बाकावर आजीचा श्वास घरघरत होता. इंजिनचा आवाज ऐकून ती म्हणाली, "चालनी का रे?" आजी त्यानंतर सहा वर्षं जगली.

माझा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आप्पा दहावी पास, शेतकरी. त्यांनी इंजिनचा कुठला कोर्स केला नाही. मग हे त्यांना कोणी शिकवलं? आजचा भाग त्या प्रश्नाच्या मागे मागे जातो. आणि शेवटी दुसऱ्या प्रश्नाशी येऊन थांबतो: आप्पांना जे येत होतं, ते मला का येत नाही?

४९ दिवसांची गाडी

गोष्ट सुरू होते १९४० मध्ये, अमेरिकेत. दुसरं महायुद्ध सुरू झालेलं. अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. जुलै महिन्यात त्यांनी १३५ कंपन्यांना विचारलं, आणि नमुना तयार करायला मुदत दिली फक्त ४९ दिवसांची. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने सप्टेंबरमध्ये नमुना आणून उभा केला. पुढे विलिज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्या आल्या आणि युद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीप बनवल्या.

आता विचार करा. ही गाडी चालवणारा कोण? काल शेतात नांगर धरणारा पोरगा. त्याला बर्मात, आफ्रिकेत, चिखलात, वाळूत पाठवलं. तिथे सर्व्हिस सेंटर कुठून आणणार? म्हणून सैन्याने दुरुस्तीच्या पायऱ्या पाडल्या, आणि पहिली पायरी मेकॅनिकची नव्हती, खुद्द ड्रायव्हरची होती. जीपच्या पुस्तिकेत त्याची कामं वेळेप्रमाणे लिहिली होती: निघण्याआधी काय बघायचं, चालताना कशाकडे कान द्यायचा, थांबल्यावर कुठे हात लावून बघायचं, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर काय करायचं.

पुस्तिका कोण वाचतो, हा प्रश्न तेव्हाही होता! म्हणून सैन्याने कॉमिक्स काढली. विल आयस्नर, जो पुढे कॉमिक्सच्या दुनियेत फार मोठा माणूस झाला, तो युद्धात सैन्याच्या 'आर्मी मोटर्स' मासिकासाठी चित्रं काढायचा. जो डोप नावाचा एक वेंधळा सैनिक. तो ऑइल बघायचा विसरतो, गाडीची वाट लावतो, आणि वाचणारा हसता हसता शिकतो. १९५१ पासून याच धर्तीवर 'पीएस' नावाचं मासिक सुरू झालं. गाडीवाल्याने गाडीवाल्याला युक्ती सांगायची, ही पद्धत मोबाइलच्या किती आधीची आहे बघा.

माझगावहून सातपुड्यात

आपल्याकडे ही जीप आली मुंबईच्या माझगावात. १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली होती. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये इथल्या कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याच काळात विलिजच्या जीपचे सुटे भाग बोटीने मुंबईत यायचे आणि इथे जोडले जायचे. म्हणजे पहिल्या दिवसापासून आपल्याकडची जीप ही 'जोडलेली' गाडी. जे जोडता येतं ते सोडता येतं, हे तिच्या अंगातच होतं.

आमच्या भागासाठी खरी महत्त्वाची तारीख मात्र वेगळी आहे. १९६३. त्या वर्षी महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर ट्रॅक्टरसाठी भागीदारी केली. त्यातून बी-२७५ हा ट्रॅक्टर आला. आणि पुढे जीपमध्ये जे डिझेल इंजिन बसवलं गेलं, ते याच इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं होतं.

कळलं का काय झालं ते? शेतातला ट्रॅक्टर आणि दारातली जीप एकमेकांची भावंडं झाली. ट्रॅक्टरचा फिल्टर बदलता येतो ना, मग जीपचाही येतो. ट्रॅक्टरने 'एअर घेतली' की काय करायचं माहीत आहे ना, मग जीपलाही तेच औषध. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यावर ऊसवाल्या गावांत ट्रॅक्टर दिसायला लागले. आमच्या गल्लीतले एक काका साखर कारखान्यात फिटर होते. दिवसा कारखाना, संध्याकाळी गल्ली. आप्पांचे गुरू तेच. काकांचा मंत्र एकच होता, अहिराणीत: "पह्यले हवा काढ, मंग सेल्फ मार." बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत बसणाऱ्याला ते शिव्या घालायचे.

नंतर जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या बनावटीची इंजिनं आली. जुन्या गाड्यांच्या मागे '७५० डीपी' असं लिहिलेलं आठवतं? डीपी म्हणजे डिझेल प्यूजो. तीही इंजिनं साधी होती. डिझेलचा पंप इंजिनच्याच ताकदीवर फिरणारा, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. एकदा सुरू झालं की जवळजवळ विजेशिवाय चालणार. बॅटरी मेली तर चार माणसांनी ढकलायचं.

या गाड्या लांब बॉडीच्या, मागे समोरासमोर बाक. त्यातच घरचे लोक, त्यातच मिरचीची पोती, त्यातच वऱ्हाड. १९९४ मध्ये टाटा सुमो आली, २००० मध्ये बोलेरो आणि क्वालिस, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. बोलेरो आणि स्कॉर्पिओ तर आपल्या नाशिकच्या कारखान्यातल्या. मधल्या काळात, १ जुलै १९९८ ला, धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. आमच्या घरची जुनी जीप एमएच १८ म्हणजे धुळ्याची, आणि नंतरच्या गाड्या एमएच ३९. जिल्ह्याचा इतिहास आमच्याकडे नंबरप्लेटवर लिहिलेला आहे.

खंडेनवमीचा ओटा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. आमच्या गल्लीत ती पूजा दोन दिवस आधीच सुरू व्हायची. पावसाळ्यात गाड्यांचे हाल झालेले असायचे. चार घरच्या चार गाड्या एका ओट्यासमोर लागायच्या. एकाकडे चांगला जॅक, दुसऱ्याकडे ग्रीसगन, तिसऱ्याकडे रिंगपान्यांचा पूर्ण सेट. सगळं मिळून एक गॅरेज व्हायचं.

काय काय करायचे? पाट्यांमधला, म्हणजे लीफ स्प्रिंगमधला, चिखल धुवून ग्रीस मारायचं. एअर फिल्टर काढून झटकायचा. जुन्या जीपमध्ये तर एअर फिल्टरच्या तळाला ऑइल असायचं, धूळ त्यात बसायची. ते ओतून नवीन घालायचं. चेंबरचं ऑइल गरम असताना काढायचं, म्हणजे गाळ पूर्ण उतरतो. बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी बुरशी गरम पाणी टाकून घासायची. टायर पुढचे मागे, मागचे पुढे. आणि स्टेपनीत हवा भरायची.

हा शब्द जरा थांबून ऐका. स्टेपनी. आपण तो इतका मराठी करून टाकलाय की कोणाला शंकाही येत नाही. ब्रिटनमधल्या वेल्स भागात लॅनेली नावाचं गाव आहे, तिथे स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाक बनवायला सुरुवात झाली. त्याआधी पंक्चर म्हणजे रस्त्यातच बसून शिवणकाम! त्या रस्त्याचं नाव चाकाला पडलं, आणि आज सातपुड्यातला माणूसही विचारतो, "स्टेपनीमा हवा शे का?"

ओट्यावर काम कमी आणि गप्पा जास्त असायच्या. पण त्या गप्पाच शाळा होती. कोणाची गाडी कुठे बंद पडली, काय निघालं, कसं जमवलं. आप्पा हे एका दोनशे पानी वहीत लिहायचे. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती खर्च. गल्लीतल्या इतरांच्या गाड्यांच्या नोंदीही त्यात आहेत.

चुकाही आहेत बरं त्या वहीत. एका पानावर फक्त इतकंच लिहिलंय: "गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये." त्याच्या मागची गोष्ट अशी की एप्रिलच्या उन्हात, आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असताना, आप्पांनी घाईत झाकण फिरवलं. उकळतं पाणी वाफेसकट हातावर आलं. उजव्या मनगटावर अजून डाग आहे. म्हणून सांगतो, या जुन्या गोष्टींना सोन्याचा मुलामा द्यायचा नाही. ते लोक शिकले ते भाजून घेत शिकले.

बॉनेट उघडतं, पण आत काही दिसत नाही

आता माझी पाळी. २०२१ मध्ये आम्ही नवी गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, चूक माझी होती. काही महिन्यांनी डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. मी ऑनलाइन एक छोटं यंत्र मागवलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचं, मोबाइलला ब्लूटूथने जोडायचं. मोबाइलवर एक कोड आला. खाली बटण होतं, 'पुसून टाका'. मी पुसून टाकला. दिवा गेला! स्टेटस टाकलं, 'घरच्या घरी दुरुस्ती'. आठवड्याने दिवा परत आला. परत पुसला. असं तीनदा.

चौथ्यांदा लग्नाला निघालो होतो, घरचे सात जण. चढावर गाडीची ताकदच गेली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी बैलगाडीच्या चालीने. नव्या गाड्या बिघाड वाढला की स्वतःला वाचवायला अशा मंद होतात. टोइंग करून नंदुरबारला नेली. धुराच्या नळीतला काजळीचा फिल्टर गच्च भरला होता. बिल मोठं आलं. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, तुम्ही दिवा विझवला, आग नाही विझवली."

घरी आल्यावर आप्पा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी हवा काढायचो त्याच्या आधी पाणी काढायचो. का बंद पडली ते आधी बघायचं असतं रे."

हा काजळीचा फिल्टर कुठून आला? तर १ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ ही धुराची मानकं लागू झाली. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणलं गेलं. आणि हे चांगलंच झालं. जुन्या जीपमागे स्कूटर चालवणाऱ्याचं तोंड काळं व्हायचं, ते मी बघितलंय. पण त्या फिल्टरला साचलेली काजळी जाळायला सलग काही वेळ बऱ्या वेगाने चाललेली गाडी लागते. माझी गाडी कुठे चालायची? घर ते शेत, शेत ते तळोदा. तो दिवा मला तेच सांगत होता: एकदा हायवेला घेऊन जा. मी त्याचं ऐकण्याऐवजी त्याचं तोंड दाबलं.

दुसरी गोष्ट जिवाची आहे, म्हणून नीट ऐका. जुन्या गाडीत इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपचा नट ढिला करून हवा काढायचे. नव्या कॉमन रेल डिझेल गाडीत हे चुकूनही करू नका. आत डिझेलचा दाब १६०० बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. तुमच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो. म्हणजे टायरच्या सुमारे सातशे पट. ती धार कातडी फोडून आत जाते. काकांचा मंत्र त्या गाडीसाठी होता, या गाडीसाठी नाही.

पण पाना कोणी काढून घेतला?

मग सगळी सीमा विज्ञानानेच आखली का? नाही. काही सीमा कंपन्यांनीही आखल्या. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. शमशेर कटारिया या ग्राहकाच्या तक्रारीवरून हे प्रकरण उभं राहिलं होतं. आयोगाचं म्हणणं थोडक्यात असं: कंपन्या सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या मिस्त्रीला काम करता येत नाही आणि ग्राहकाला पर्याय राहत नाही. त्या १४ मध्ये आपल्या महिंद्रा आणि टाटाही होत्या. कंपन्या अपिलात गेल्या, कोर्टकज्जे लांबले. पण एका सरकारी संस्थेने हे कागदावर मांडलं, ही मोठी गोष्ट.

२०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली आणि २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं, अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. बघा, ट्रॅक्टर आणि गाडी पुन्हा एका यादीत आले.

शहरातल्या माणसाला हे 'छंद' वाटेल. गाडी बिघडली, फोन केला, मोबाइल व्हॅन आली. घाटात, जिथे फोनला रेंज नाही, तिथे कोणाला फोन करणार? तिथे आपली गाडी हीच ॲम्ब्युलन्स असते. ती उघडता न येणं म्हणजे काय, ते मागच्या बाकावर कोण झोपलंय त्यावर ठरतं.

तर आता आपण काय करायचं?

मी आप्पांची वही पुढे चालवायला घेतली आहे. त्यात एक रेघ मारली आहे. रेघेच्या अलीकडे माझी कामं, पलीकडे मिस्त्रीची. अलीकडची यादी अजूनही मोठी आहे. निघण्याआधी गाडी सपाटीवर, थंड असताना ऑइलची पट्टी, कूलंटची पातळी, टायरची हवा आणि स्टेपनी. चालताना कान आणि डॅशबोर्ड. थांबल्यावर एक फेरी: खाली काही ठिपकतंय का, एखादं चाक जास्त गरम आहे का. पोहोचल्यावर धूळ, चिखल आणि वहीत नोंद. एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, वायपर, फ्यूज, बॅटरीची टोकं, हे सगळं घरी होतं. नंदुरबारला मिरच्या वाळत घातलेल्या असताना एसीचा फिल्टर काढा म्हणजे कळेल तो काय काय अडवतो. मी शिंकून शिंकून बेजार झालो होतो! डिझेलमध्ये पाण्याचा दिवा लागला तर गाडीच्या पुस्तिकेत बघा, बऱ्याच गाड्यांत ते पाणी काढायची सोय आजही असते.

ते कोड वाचायचं यंत्रही मी फेकलं नाही. आता कोड आला की वहीत लिहितो आणि मिस्त्रीला दाखवतो. पुसत नाही.

आणि हो, ही चार वेळांची यादी माझी नाही, आप्पांचीही नाही. निघण्याआधी, चालताना, थांबल्यावर, पोहोचल्यावर. जीपच्या त्या सैनिकी पुस्तिकेबद्दल मी वाचलं तेव्हा आप्पांना विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात? म्हणाले, फिटरकाकांकडून. काका कोणाकडून? ते त्यांना माहीत नव्हतं. कोणीतरी कोणालातरी ओट्यावर सांगितलं असणार.

मागच्या खंडेनवमीला मी आमच्या ओट्यावर सतरंजी टाकली. तीन गाड्या आल्या. दोघांना ऑइलची पट्टी कुठे असते ते माहीत नव्हतं. तिसऱ्याच्या स्टेपनीत हवाच नव्हती. आप्पा खुर्चीवर बसून बघत होते. शेवटी उठले, पाना हातात घेतला आणि म्हणाले, "तू बॅटरी धर."

तुमच्या घरी अशी वही असेल, किंवा असा कोणी माणूस असेल, तर या रविवारी त्याच्यासोबत एकदा बॉनेट उघडा. आज रात्री मात्र एवढंच करा: स्टेपनीत हवा आहे का, तेवढं बघून झोपा.

भेटू पुढच्या भागात.